मावशीतली बहीण, कझिनमधली बहीण

ऐरोलीच्या एका मुलीनं लांबलचक प्रश्न पाठवलाय. त्याचा गोषवारा असा: महाप्याच्या ऑफिसात ती "माय कझिन सिस्टर" म्हणाली आणि मॅनेजरनं चारचौघांत दुरुस्ती केली, की असा शब्दच नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. सिस्टर आणि बहीण एकाच मुळातून आलेत का? सिस्टरहुडला मराठीत काय म्हणायचं, आणि सोरोरिटी ती वेगळी का? तिचे बाबा म्हणतात, इंग्रजांना नात्यांची पर्वाच नाही, म्हणून त्यांच्याकडे शब्द नाहीत. हे खरं का? शिवाय कळव्याच्या वडिलोपार्जित घरासाठी वंशावळ इंग्रजीत करायची आहे, त्यात सगळ्या बहिणी कशा लिहायच्या?

मी ठाण्यात कोर्टनाक्याच्या आसपास तीसेक वर्षं कागदपत्रांची भाषांतरं करते. शेवटचा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आणि आधीचे माझ्या आवडीचे. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगंच करते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गमतीशीर आहे. भाऊ आणि ब्रदर एकाच मुळाचे, कारण आपला भाऊ संस्कृत भ्रातृवरून आला. पण बहीण आणि सिस्टर यांचं एकमेकींशी काही नातं नाही. बहीण आली भगिनीवरून, प्राकृतातल्या बहिणीमार्गे. भगिनीत भग आहे, म्हणजे भाग्य. सिस्टरची खरी सख्खी संस्कृतात वेगळीच आहे, ती म्हणजे स्वसृ. शाळेत संस्कृत घेतलं असशील तर ऋकारान्त शब्द आठवतील. मातृचं मातरम्, पण स्वसृचं स्वसारम्. तो एक काना गाळून माझा दहावीतला अर्धा मार्क गेला होता.

या स्वसृचं गोत पसरलंय फार दूरवर. रशियनमध्ये सेस्त्रा, जर्मनमध्ये श्वेस्टर, लॅटिनमध्ये सोरोर, फारसीत ख्वाहर. ख्वाहर ऐकून दचकू नकोस. आपल्या सप्तचा त्यांच्याकडे हफ्ता होतो, सिंधूचा हिंदू होतो, तसाच स्वचा आधी ह्व आणि मग ख्व. लॅटिननं दुसरी खोड केली. दोन स्वरांमध्ये स सापडला की त्याचा र करायचा. म्हणून स्वेसोरचं सोरोर झालं. कोर्टात रोज भेटणारी जोडी बघ: जस्टिस आणि ज्युरी. दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं; एकीत स टिकला, दुसरीत र झाला.

आता संस्कृत स्वसृमध्ये ट किंवा त कुठेच नाही, मग सिस्टरमध्ये तो आला कुठून? स आणि र लागोपाठ उच्चारून बघ, जिभेला मध्ये एक ठेच लागते. इंग्रजी-जर्मनच्या जर्मनिक कुळानं आणि रशियनच्या स्लाव्ह कुळानं त्या ठेचेचा त करून टाकला. आपल्या स्रोताशी नातं सांगणारा इंग्रजी स्ट्रीम असाच, त्यातही तो ट उपरा आहे. आणखी एक, जुन्या इंग्रजीत हा शब्द स्वेओस्टोरसारखा होता. आजचं सिस्टर हे रूप घडलं इंग्लंडात येऊन वसलेल्या व्हायकिंगांच्या बोलीच्या प्रभावानं. परकी माणसं येऊन शेतं घेतात, राज्य घेतात, हे समजतं. पण घरातल्या बहिणीला हाक मारायची तऱ्हासुद्धा बदलून जातात याचं मला अजून नवल वाटतं. 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंही त्यांचीच देणगी.

मूळ शब्दाचा अर्थ काय असावा? वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्कानं निरुक्तात 'स्वेषु सीदति' म्हटलंय, आपल्या माणसांत बसणारी. आजचे भाषाशास्त्रज्ञ 'स्व' म्हणजे आपली आणि 'सर' असा स्त्रीवाचक जुना अंश, अशी फोड सुचवतात: आपल्यातली बाई. हा अंदाजच, पण त्याला एक आधार संस्कृतातच आहे. मुलगे तीन असले तर त्रयः, मुली तीन असल्या तर तिस्रः. चार असल्या तर चतस्रः. त्या 'स्र'मध्ये तीच जुनी बाई लपली आहे असं मानतात. पाणिनीच्या परंपरेत तर स्वसा, तिस्रः, चतस्रः, ननान्दा, दुहिता, याता आणि माता या सातजणी एकाच श्लोकात ओळीनं बसवल्यात, कारण स्त्रीलिंगी असूनही त्यांना आणखी स्त्रीप्रत्यय लागत नाही. त्यातली ननान्दा म्हणजे आपली नणंद आणि याता म्हणजे जाऊ. नणंदेची व्युत्पत्ती जुने पंडित 'न नन्दति' अशी देतात, कशानंही खूश न होणारी. ती एखाद्या भावजयीनंच सांगितली असणार.

सगळ्या भाषांनी स्वसृ जपली नाही. ग्रीकांनी तिला जवळजवळ सोडून दिलं आणि अडेल्फी म्हणू लागले, म्हणजे एका गर्भातली. यातला डेल्फ आणि आपला गर्भ पुन्हा एकाच मुळाचे, आणि आपल्याकडे सहोदर आहेच. मुंब्र्याच्या एका कुटुंबाचे उर्दू कागद करताना मला हमशीरा भेटली: हम म्हणजे एकत्र, शीर म्हणजे दूध. एकाच दुधावर वाढलेली. कुणी बहिणीला गर्भावरून ओळखलं, कुणी दुधावरून, आपण भाग्यावरून. जर्मन लोकांची तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. त्यांच्यात भावंडांना गेश्विस्टर म्हणतात, आणि त्यात श्वेस्टर आहे, म्हणजे बहीण. चार भाऊ असले तरी ते मिळून 'बहिणी-बहिणी'च. आपल्या भावंडांत मात्र भाऊ उघडउघड बसलाय.

मग मराठीतून स्वसृ गेली कुठे? मला वाटायचं, संपली. पाचेक वर्षांपूर्वी आई ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात होती. रात्री शेजारच्या पेशंटची मुलगी दारात उभी राहून म्हणत होती, "सिस्टर, जरा मावशींना पाठवता का?" मावशी म्हणजे वॉर्डातल्या आयाबाई. आईच्या उशाशी बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशी म्हणजे मातृष्वसा, आईची स्वसा. प्राकृतातून घासत घासत आली ती. त्या मावशीच्या शेवटच्या 'शी'त स्वसृ जिवंत आहे. म्हणजे त्या वॉर्डात औषध देणारी सिस्टर आणि बेडपॅन उचलणारी मावशी, दोघींच्या हाकेत शब्द एकच होता. एक विलायतेहून आला, एक इथेच राहिला. पगारात आणि मानात मात्र दोघींत किती अंतर.

नर्सला सिस्टर म्हणण्याची पद्धत ख्रिस्ती धार्मिक संघांच्या जोगिणींवरून, म्हणजे नन्सवरून आली, त्या युरोपात रुग्णसेवा करत. ब्रिटनमध्ये सिस्टर ही वॉर्ड सांभाळणारी वरिष्ठ नर्स. आपण सरसकट सगळ्यांना म्हणतो. पुरुष नर्सला 'ब्रदर' हाक मारतो, तीही आपली स्वतःची भर.

आता तुझी कझिन सिस्टर. हे नीट वाच, म्हणजे त्या मॅनेजरला चहा पाजून सांगता येईल.

कझिन हा शब्द फ्रेंचमार्गे आला लॅटिन कोन्सोब्रिनुसवरून. त्यातलं सोब्रिनुस म्हणजे 'बहिणीकडचा', आणि ते घडलंय सोरोरच्याच मुळातून; स आणि र शेजारी आले की लॅटिनमध्ये त्यांचं ब्र होई. कोन म्हणजे सह. म्हणजे कोन्सोब्रिनुस हे मुळात दोन बहिणींच्या मुलांचं एकमेकांशी नातं. आपल्या भाषेत, मावस भावंडं! रोमन लोकांकडे चुलत भावंडांना पात्रुएलिस आणि आते-मामे नात्याला अमितिनुस असे वेगळे शब्द होते. पुढे ते मागे पडले आणि मावस भावंडांचा शब्द सगळ्यांना पुरवला गेला. तो इतका सैल झाला की शेक्सपिअरचा क्लॉडियस हॅम्लेटला, आपल्या सख्ख्या पुतण्याला, कझिन म्हणतो.

तेव्हा कझिन सिस्टरमध्ये बहीण दोनदा आली. एकदा लॅटिनमध्ये वेष पालटून, एकदा इंग्रजीत उघड्या तोंडानं. द्विरुक्ती म्हणून नाक मुरडणाऱ्यानं मग आपल्या मावस बहिणीकडे बघावं. मावसमध्ये स्वसृ आहे, पुढे पुन्हा बहीण. हुबेहूब तोच प्रकार, तेच जुनं मूळ, आणि दोन्हीकडे बोलणाऱ्याला पत्ता नाही.

मॅनेजरचं चुकलं का? अर्धवट. इंग्लंड-अमेरिकेत कझिन सिस्टर म्हणत नाहीत, नुसतं कझिन म्हणतात आणि मुलगा की मुलगी ते पुढच्या ही-शीवरून कळतं. भारतीय इंग्रजीत ते रुळलंय आणि का रुळलं हेही उघड आहे. आपल्याकडे चुलत बहीण आधी बहीण असते, मग चुलत. भाऊबीजेला ओवाळते ती बहीण म्हणूनच. तेव्हा ऑफिसात, गप्पांत खुशाल म्हण. परदेशी क्लायंटच्या मेलमध्ये नको, त्याला कळेल पण अडखळेल.

बाबांना आता एक वाईट बातमी. इंग्रजांकडे शब्द होते. जुन्या इंग्रजीत आईच्या बहिणीला मोड्रिये, वडिलांच्या बहिणीला फाथू, मामाला एआम आणि काकाला फेडेरा म्हणत. आत्या, मावशी, काका, मामा, चारी खणखणीत वेगळे. 1066 मध्ये नॉर्मन आले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, आणि हळूहळू आंट-अंकलनी त्या चौघांना घराबाहेर काढलं. आणि ते आंट-अंकल तरी कोण? आंट आली लॅटिन अमितावरून, म्हणजे वडिलांची बहीण. अंकल आला आवुन्कुलुसवरून, म्हणजे आईचा भाऊ. तुमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येक आंटी मुळात आत्या आहेत आणि अंकल मामा. मावशी आणि काका इंग्रजीत बेपत्ता. मावशीची मुलं तेवढी कझिन म्हणून मागे राहिली, आई नाहीशी झाल्यावर राहावीत तशी.

2020 च्या ऑगस्टमध्ये कमला हॅरिस यांनी उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना भाषणात अंकल, आंट अशी नावं घेऊन पुढे 'आणि माझ्या चित्ती' म्हटलं होतं. चित्ती म्हणजे तमिळमध्ये आईची धाकटी बहीण. आंटमध्ये ती मावली नाही, म्हणून तशीच ठेवली. भाषांतरकार म्हणून मला तो निर्णय अगदी पटला.

आणि बाबांना हेही विचार, की सावत्र बहीण म्हणजे कोण? वडील एक आणि आई वेगळी, तीही सावत्र. आईनं दुसरं लग्न केलं आणि त्या गृहस्थांना आधीची मुलगी आहे, जिचं-तुझं रक्ताचं काहीच नाही, तीही सावत्र. इंग्रजीत पहिली हाफ सिस्टर, दुसरी स्टेप सिस्टर, आणि दोघींत गल्लत केली तर वारसाहक्काच्या कागदात चांगलाच घोळ होतो. इथे शब्द त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. स्टेपचा जिन्याच्या पायरीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोरका, आईबाप गमावलेला.

सिस्टर-इन-लॉमध्ये मात्र आपण श्रीमंत. वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी, सगळ्यांना त्यांच्याकडे एकच माप. यातला 'लॉ' कोर्टाचा नव्हे, चर्चचा कायदा. लग्नानं झालेलं नातं चर्च सख्ख्यासारखं धरायचं, म्हणून त्या बहिणीशी लग्नाला बंदी. इंग्लंडमध्ये बायको वारल्यावर मेहुणीशी केलेलं लग्न 1835 च्या कायद्यानं रद्दबातल ठरायचं, आणि ती बंदी उठायला 1907 उजाडावं लागलं. आपल्याकडे त्याच काळात धाकटी मेहुणी देऊन मोडलेला संसार सांधणं ही रीतच होती. मानववंशशास्त्रात या रीतीला सोरोरेट म्हणतात, पुन्हा सोरोरवरून.

तीच सोरोर सोरोरिटीत. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तो जोगिणींच्या संघासाठी. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींनी संघटना काढल्या तेव्हा आधी त्या स्वतःला 'विमेन्स फ्रॅटर्निटी' म्हणवून घेत, म्हणजे अक्षरशः बायकांचा बंधुसंघ. 1874 मध्ये सिरॅक्यूज इथे स्थापन झालेल्या गामा फाय बीटा या मुलींच्या संघटनेला तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी, फ्रँक स्मॉली यांनी, सोरोरिटी हा शब्द सुचवला, 1882 च्या सुमारास. म्हणून सोरोरिटी म्हटलं की आज अमेरिकनाला वसतिगृह, ग्रीक अक्षरं, शपथा आणि आयुष्यभराचं सदस्यत्व आठवतं. सिस्टरहुड तसं नाही. त्यातला हुड म्हणजे टोपी नव्हे, तर अवस्था, स्थिती, चाइल्डहुडमधला तोच. चौदाव्या शतकापासून तो शब्द आहे, पण आज ज्या अर्थानं वापरतात तो अर्थ 1968 च्या न्यूयॉर्कमध्ये घडला, जेव्हा तिथल्या स्त्रीमुक्तीवाल्यांच्या पत्रकात 'सिस्टरहुड इज पॉवरफुल' ही घोषणा आली.

मराठीत त्यासाठी भगिनीभाव रुळलाय, आणि स्त्रीवादी लेखनात मीही तोच वापरते. पण माझं त्याच्याशी पुरतं जमत नाही. भगिनी म्हटलं की मला भगिनी मंडळाचं हळदीकुंकू, व्यासपीठावरून 'बंधूंनो आणि भगिनींनो' आणि फार तर भगिनी निवेदिता आठवतात. शब्द सोवळ्यातला आहे. घरात कुणी भगिनी म्हणत नाही. जाहिरातीत, कथेत, संवादात सिस्टरहुड आलं तर मी वाक्यच फिरवते: 'आम्ही बायका एकमेकींच्या पाठीशी आहोत', 'तिच्या पाठीला मी आहे'. आपल्याकडे पाठची बहीण हा शब्दप्रयोग आहेच, तो कामी येतो. बहिणापा असा शब्द काही जणी वापरतात. हिंदीतून आलाय आणि कानाला गोड आहे, पण कराराच्या मसुद्यात चालणार नाही.

करारावरून आठवलं. सिस्टर कन्सर्नसाठी भगिनी संस्था हाच शब्द वापर, तिथे सोवळं चालतं. पेरेंट कंपनी म्हटल्यावर तिची पिल्लं एकमेकींच्या बहिणी होणार, हे सरळ आहे. जहाजांचंही तसंच, इंग्रजीत जहाज ही 'शी', म्हणून टायटॅनिकच्या ऑलिंपिक आणि ब्रिटॅनिक या बहिणी. ही कल्पना मात्र विलायती समजू नकोस. ऋग्वेदात सोमरस पिळणारी दहा बोटं 'दश स्वसारः', दहा बहिणी आहेत, आणि रात्र नि उषा याही. सिस्टर सिटीला ब्रिटिश ट्विन टाउन म्हणतात. नवी मुंबईचा आराखडा मांडला गेला तो मुंबईचं जुळं शहर म्हणून. जुळी म्हणावी तर वयात एवढं अंतर, आणि बहीण म्हणावी तर थोरलीनं पाण्यावरून कधी हिची तक्रार ऐकली नाही. सिसी या हिणकस शब्दाचं मूळही सिसच, लाडानं बहिणीला मारलेली हाक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मऊ मुलाला चिडवायला वापरू लागले. आपला बायल्या त्याच कुळातला, दोन्ही मी भाषांतरात शक्य तिथे टाळते.

एक चेतावणी देऊन ठेवते. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा माझ्याकडे दोन अमराठी गृहस्थ 'गर्ल सिस्टर स्कीम'चं प्रमाणपत्र मागायला आले होते. लाडकी आणि लडकी. रोमन लिपीत दोन्ही सारख्याच दिसतात.

आता वंशावळ. इथे शब्दांचं प्रेम बाजूला ठेव. कझिन, आंट, सिस्टर-इन-लॉ यातला एकही शब्द वंशावळीत वापरू नकोस. एका प्रकरणात मी नवखी असताना सरळ 'आंट' लिहिलं होतं. ती आत्या होती, समोरच्या वकिलानं मावशी धरली आणि तारीख तीन महिने पुढे गेली. हिंदू वारसा कायदा, 1956 ची अनुसूची बघ: तिथेही आंट नाही. 'फादर्स सिस्टर' दुसऱ्या वर्गाच्या सातव्या नोंदीत आणि 'मदर्स सिस्टर' नवव्या नोंदीत, वेगवेगळ्या. बहीण स्वतः त्याच वर्गाच्या दुसऱ्या नोंदीत. कायदा करणाऱ्यांना आत्या-मावशीचा फरक इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी नातं उलगडून लिहिलं, तूही तेच कर. चुलत बहीण असेल तर 'वडिलांच्या अमुक भावाची मुलगी' असं लिही.

सख्खीसाठी काही जण 'रियल सिस्टर' लिहितात. त्याऐवजी कायद्यातला 'सिस्टर बाय फुल ब्लड' हा शब्द घे. वडील एक, आई वेगळी असेल तर हाफ ब्लड; सख्खीचा हक्क, बाकी नातं सारखं असेल तर, तिच्या आधी येतो. आई एक आणि वडील वेगळे असतील तर युटेराइन ब्लड, आणि इथे जपून. त्या अनुसूचीच्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की भाऊ किंवा बहीण या शब्दांत युटेराइन भावंडं धरायची नाहीत. ग्रीकांसाठी जी खरी बहीण, एका गर्भातली, ती त्या यादीपुरती बहीणच नाही. तुमच्या आजोबांच्या आईचं दुसरं लग्न झालं होतं असं तू ओझरतं लिहिलंयस. आजोबांच्या सर्व बहिणींच्या नावापुढे आई आणि वडील दोघांचीही नावं घाल, माहेरचं आणि सासरचं आडनाव दोन्ही लिही, आणि पक्कं करण्याआधी कागद वकिलाला दाखव.

मॅनेजरला चहा मात्र आधी पाज.